ओवाळणीचे सहा हजार आणि एक भूप

नाशिकच्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं :

"काकू, यंदा भाऊबीजेला दोन्ही भावांनी मिळून सहा हजार रुपये ओवाळणी घातली. 'साडी आम्ही आणत नाही, तुला हवं ते घे' म्हणाले. वडील जाऊन चार वर्षं झाली. त्यांचा रेकॉर्ड प्लेअर आणि तीस-पस्तीस रेकॉर्ड्स माझ्याकडे आल्या आहेत, पण त्या मी अजून उघडून पाहिलेल्या नाहीत. माहेरी नाट्यसंगीत सतत कानावर पडायचं, मात्र रागदारीतलं मला काही कळत नाही. आता मनापासून ऐकावंसं वाटतं. कोणाच्या रेकॉर्ड्स घेऊ? एलपी की सीडी? एका दुकानात शंभर रागांचा संच दाखवला, तो घेऊ का? सासूबाई म्हणतात, मोबाइलवर सगळं फुकट मिळतं, मग पैसे कशाला घालवायचे? ह्यांना गाणं फारसं आवडत नाही, वाजवलेलं चालतं. मुलगा नऊ वर्षांचा आहे."

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र वाचल्यावर आधी कपाटातली माझी सगळ्यात जुनी एलपी काढून पुसली. तीसुद्धा ओवाळणीच्या पैशांतूनच घेतलेली. कॉलेजात असताना भावाने घातलेली ओवाळणी आणि आईने गुपचूप घातलेली भर मिळून प्रभा अत्रे यांची मारू बिहाग आणि कलावतीची रेकॉर्ड आणली होती. घरात दुसरी शास्त्रीय रेकॉर्डच नव्हती, म्हणून वर्षभर तीच वाजली. 'तन मन धन' ही कलावतीतली बंदिश आई भाजी निवडताना गुणगुणायला लागली. तिला त्या रागाचं नाव शेवटपर्यंत माहीत नव्हतं. पण पुढे एकदा रेडिओवर दुसरंच कोणी कलावती गात होतं, तेव्हा ती स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाली, "हे आपलंच आहे ना गं?" तुला जे सांगायचं आहे ते सगळं मी तिथेच शिकले. म्हणून शंभर रागांचा संच घेऊ नकोस.

तसला एक संच मीही घेतला होता, नोकरीतल्या पहिल्या बोनसमधून. दहा कॅसेट्स, वर सुंदर खोकं. एका रागाच्या वाट्याला आठ-दहा मिनिटं, आलाप जरा कुठे रंगायला लागला की आवाज हळूहळू बारीक करून पुढचा राग सुरू. दुसऱ्या कॅसेटपुढे मी कधी गेलेच नाही. चूक माझ्या कानांची आहे असं मला फार दिवस वाटत होतं. पण राग असा चमचा-चमचा चाखून कळत नाही. त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं. एकच रेकॉर्ड वीस वेळा वाजली की तो घरातला होतो. म्हणून सहा हजारांत फार तर चार गोष्टी घे. त्यातल्या दोघी-तिघींना एकाच रागाचा धागा असू दे, आणि एक मात्र अशी घे, जी आज तुला कळणार नाही.

पण सगळ्यात आधी रेकॉर्ड नको घेऊस. सुई घे.

वडिलांचा प्लेअर निदान चार वर्षं बंद आहे आणि त्याची सुई किती वर्षांची आहे कोण जाणे. झिजलेली सुई नुसती वाईट वाजत नाही, ती रेकॉर्डची खाच खरवडते, आणि एकदा खरवडलेलं परत येत नाही. नव्या आणलेल्या महागाच्या रेकॉर्डवर जुनी सुई टेकवणं म्हणजे नव्या पैठणीवर निखारा ठेवण्यासारखं आहे. सहा हजारांतला पहिला हिस्सा सुईला, आणि रबरी पट्टा सैल झाला असेल तर त्यालाही. दुरुस्ती करणाऱ्याला म्हणावं, वेग बरोबर आहे का तेही बघा. प्लेअर हळू फिरला तर आवाज उतरतो, आणि तुझ्या कानाला चुकीची पट्टी सवयीची होऊन बसते.

तोवर वडिलांच्या तीस-पस्तीस रेकॉर्ड्स बाहेर काढ. त्यांत दोन जाती निघतील. जड, जाडसर, बशीसारखी फुटेल अशी वाटणारी ती लाखेची 78ची तबकडी. ती मिनिटाला 78 फेरे घेते, एका बाजूला साधारण तीन मिनिटं वाजते आणि तिची खाच रुंद असते. हलकी, किंचित वाकणारी असते ती एलपी. ती मिनिटाला 33⅓ फेरे घेते आणि एका बाजूला वीसेक मिनिटं वाजते. दोघींना सुई वेगवेगळी लागते. एलपीच्या सुईने 78ची तबकडी वाजवू नकोस, दोघींचंही नुकसान होतं. नाट्यसंगीत ऐकणाऱ्या घरात सात इंची छोट्या रेकॉर्ड्सही असतात, त्या बहुतेक 45 फेऱ्यांच्या. प्रत्येकीवरचं लेबल वाच आणि वहीत लिहून ठेव. मी जी नावं पुढे सांगणार आहे त्यातलं एखादं त्या ढिगातच असायचं. तसं निघालं तर तेवढे पैसे वाचले.

आता धाग्याकडे येते. तुझ्यासाठी मी भूप निवडला आहे.

कारण तो तुझ्या कानात आहेच. सा, रे, ग, प, ध एवढे पाचच स्वर, मध्यम नाही, निषाद नाही. आणि त्याचा जुळा भाऊ तर तू माहेरी नक्कीच ऐकला असशील. 'सौभद्र'मधलं 'प्रिये पहा' आठवतं ना? छोटा गंधर्व गायचे ते. ते देसकारातलं. देसकाराचेही स्वर हेच पाच. पण भूप संध्याकाळ उलटल्यावरचा, गंधारावर (म्हणजे 'ग'वर) रेंगाळणारा, खालच्या अंगाने फिरणारा. देसकार सकाळचा, वर धैवताकडे ('ध'कडे) झेपावणारा. स्वर तेच आणि माणूस वेगळा. 'रागदारीतलं मला काही कळत नाही' असं म्हणतेस, तर हा एक प्रयोग कर. आधी 'प्रिये पहा' ऐक आणि मग भूप ऐक. दोन्हींमध्ये काहीतरी सारखं आहे आणि काहीतरी अगदी निराळं आहे, एवढं जाणवलं तरी तुला रागातलं कळायला लागलं म्हणून समज. नावं आणि व्याकरण नंतर आपोआप येतं.

तर पहिली खरेदी : किशोरी आमोणकर यांचा भूप आणि बागेश्री, एकाच रेकॉर्डच्या दोन बाजू. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, 'प्रथम सूर साधे', मग द्रुत, म्हणजे जलद, 'सहेला रे'. ही द्रुत बंदिश तू कुठेतरी ऐकलेली असशीलच, पण मोबाइलवर लोक तेवढीच वाजवतात. माझी विनंती आहे, विलंबित सोडू नकोस. त्या संथ भागात किशोरीताई एकेका स्वराकडे किती जपून जातात, गंधार घेऊन किती वेळ थांबतात, ते ऐकल्यानंतर जो 'सहेला रे' येतो तो निराळाच लागतो. जिने सगळं घर आवरून मग दार उघडलंय अशा बाईसारखा. आईचं, मोगूबाई कुर्डीकरांचं, जयपूर घराण्याचं कडक शिक्षण झालेल्या या गायिकेने तालीम पाठीशी ठेवून स्वतःची भावना पुढे आणली. यावरून तेव्हाही वाद झाले आणि अजून होतात. मी त्यांच्या बाजूची आहे.

दुसऱ्या बाजूचा बागेश्री सासूबाईंसाठी राखून ठेव. तो रात्रीचा राग. जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद केल्यावर लाव, आणि त्यांना 'ऐका' असं म्हणू नकोस. नुसता लाव.

त्यांचा प्रश्न मात्र खरा आहे, त्याला उत्तर द्यायलाच हवं. मोबाइलवर पुष्कळ आहे आणि चांगलंही आहे. मी स्वतः काहीही विकत घेण्याआधी तिथे ऐकून बघते, तूही तेच कर. तीनदा ऐकून चौथ्यांदा ऐकावंसं वाटलं तरच पैसे टाक. पण फुकटात मिळतं त्याची अवस्था बघ. कोणीतरी घरच्या टेपवरून चढवलेलं, वेग कमी-जास्त झाल्याने काळी चारची पट्टी पाचवर गेलेली, रागाचं नाव चुकलेलं, तबल्यावर कोण ते लिहिलेलंच नाही, आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायच्या आत मध्येच टूथपेस्टची जाहिरात. जुन्या एलपीचं कव्हर उलटून बघ. मागे राग, ताल, साथीदार आणि चार समजुतीच्या ओळी असतात. कितीतरी माणसांचं रागसंगीताचं शिक्षण त्या कव्हरांच्या पाठीवर झालंय, माझंही. आणि रेकॉर्ड लावली की उठून बाजू बदलावी लागते. त्या उठण्यामुळे माणूस ऐकत असतो.

तुझ्या यजमानांसाठी आणि मुलासाठी दुसरी खरेदी : 'कॉल ऑफ द व्हॅली'. 1967 साली तीन तरुण वादकांनी मिळून केलेली ही रेकॉर्ड. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, आणि तबल्याला आपले माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस त्यात वाजवला आहे, पहाटेच्या अहिर भैरव-नटभैरवापासून पहाडीपर्यंत. नऊ वर्षांच्या मुलाला ही गोष्ट आधी सांग, मग लाव, आणि विचार, आता मेंढ्या कुठे पोचल्या? जाणकार मंडळी या रेकॉर्डला हलकी म्हणतात. म्हणू देत. झरझर ऐकण्यासारखी आहे म्हणून ती हलकी होत नाही. आणि तुझ्यासाठी तिच्यात एक खूण आहे : मधल्या एका तुकड्यात भूप आहे, झपतालात. किशोरीताईंचा भूप तुझ्या अंगवळणी पडला असेल तर कोणी न सांगता तू तो ओळखशील. तो क्षण तू मला पत्र लिहून कळवायचास.

आता ती तिसरी, जी आज कळणार नाही. उस्ताद अमीर खाँ यांचा मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी.

मारव्यात पंचम नाही. रिषभ कोमल, मध्यम तीव्र. आणि मुख्य म्हणजे गाण्याचं घर जो षड्ज, म्हणजे 'सा', त्याच्यावर गवई चटकन येऊन बसत नाही. रिषभ आणि धैवत यांच्यातच घिरट्या घालतो. सूर्य बुडत असतो, घरी जायचं असतं आणि घर दिसत नसतं, असं काहीसं होतं ऐकताना. अमीर खाँसाहेब तर सगळ्यांत संथ चालणारे. चौदा मात्रांचा झुमरा ताल, एकेक मात्रा इतकी दूर की मोजणं सोडूनच द्यावं लागतं. खर्जातला आवाज, ना हरकतींची आतषबाजी, ना श्रोत्यांना जिंकायची घाई. 'पिया मोरे अनत देस' हे शब्द ते जवळजवळ स्वतःशीच म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दहा मिनिटांत उठून चहा टाकला. दुसऱ्यांदाही तसंच. पुढे वडील आजारी असताना एका संध्याकाळी मी दवाखान्यातून परत आले, दिवा न लावता बसले होते, भावाने ही रेकॉर्ड लावली, आणि बाजू संपून सुई कडेला घासत राहिली तरी आम्ही दोघं उठलो नाही. त्यानंतर मारवा 'कठीण' वाटला नाही.

तू वडिलांच्या रेकॉर्ड्स चार वर्षं उघडल्या नाहीस असं एका ओळीत लिहून पुढे गेलीस. ते वाचूनच मी मारवा सांगते आहे. घेऊन ठेव, कोपऱ्यात असू दे. घाई नाही.

एलपी की सीडी हा प्रश्न मग बराचसा पैशांचा उरतो. हल्ली एलपी पुन्हा निघतात, पण एकेका नव्या एलपीला हजार-दोन हजार सहज लागतात, तीन नव्या घेतल्या की ओवाळणी संपली. म्हणून किशोरीताईंची तेवढी एलपी घे, नवी किंवा चांगल्या अवस्थेतली जुनी, कारण ती वडिलांच्या प्लेअरवर वाजायला हवी. बाकीच्या सीडीवर घे. त्या काही शेकड्यांत मिळतात, आणि टीव्हीखाली धूळ खात पडलेला डीव्हीडी प्लेअर असेल तर त्यावर सीडी उत्तम वाजते, वेगळं काही आणायला नको. मात्र 'पन्नास तास संगीत' असं लिहिलेली एमपीथ्रीची सीडी नको. तीत आवाज दाबून भरलेला असतो, तंबोऱ्याचा झंकार पहिल्यांदा मरतो.

मुंबईत पूर्वी असल्या खरेदीसाठी काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस होतं. 2016 साली ते बंद झालं, आणि तिथे उभं राहून काचेआडची कव्हरं बघणाऱ्या पिढीचं एक ठिकाण गेलं. आता जुन्या एलपीसाठी मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, नाहीतर ऑनलाइन विकणारे. जुनी घेताना ती उजेडात तिरकी धरून बघ. बारीक केसासारख्या रेषा चालतात, पण नखाला लागणारा चरा नको. डोळ्यांच्या रेषेत धरून वाकली आहे का ते बघ. मधल्या भोकाभोवती लेबलावर पुष्कळ ओरखडे असतील तर ती खूप वाजलेली आहे. आणि कव्हरातली रेकॉर्ड कव्हरावरचीच आहे ना, हे आधी बघ. मी एकदा गंगूबाई हनगल समजून हिंदी सिनेमाचे संवाद घरी आणले आहेत. पांढरी बुरशी असेल तर घाबरू नकोस. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, खाचेच्या दिशेने गोल पुसायचं, लेबल कोरडं ठेवायचं. रेकॉर्ड्स एकीवर एक रचू नकोस, पुस्तकांसारख्या उभ्या ठेव, ओट्यापासून आणि खिडकीतल्या उन्हापासून लांब.

भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर, केसरबाई केरकर यांची नावं मी घेतली नाहीत, म्हणून कोणी मला रागावेल. भीमसेनजींचे अभंग तुझ्या घरी असतीलच. 'तीर्थ विठ्ठल' ऐकलं असशील तर अहिर भैरव तुझ्या ओळखीचा झालेलाच आहे, मग 'कॉल ऑफ द व्हॅली'ची पहाटही तुला परकी वाटणार नाही. मन्सूरअण्णांकडे दोनेक वर्षांनी जा. त्यांचे अनवट, क्वचित ऐकू येणारे राग आणि श्वास न घेता धावणारी लय यांसाठी कान थोडा तयार लागतो, आणि एकदा तयार झाला की दुसरं काही नको वाटतं. केसरबाईंची भैरवीतली 'जात कहाँ हो' तर 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या तबकडीतून अवकाशात गेली. गोव्यातल्या केरी गावच्या बाईचा आवाज सगळ्या ग्रहांच्या पलीकडे, ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचला आहे, हे मुलाला जरूर सांग. पण 78च्या तबकड्यांची संकलनं विकत घ्यायची घाई करू नकोस. अब्दुल करीम खाँ असोत की केसरबाई, त्यांनी तासाभराचा ऐवज तीन-साडेतीन मिनिटांत बसवला आहे. काय बसवलंय हे ओळखायला आधी तो तास माहीत असावा लागतो.

हिशेब करून पाचशे-हजार रुपये उरव. ते गाणाऱ्या, वाजवणाऱ्या जिवंत माणसासाठी. डिसेंबरात पुण्याला सवाई संगीत महोत्सव असतो, सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ 1953 पासून चालत आलेला. जमलं तर एका दिवसाचं तिकीट काढून जा. नाहीच जमलं तर नाशिकमध्येही मैफली होतात. एखाद्या तरुण गायिकेचं गाणं आवडलं आणि तिने स्वतःची सीडी काढलेली असेल तर तिच्या हातून विकत घे. रेकॉर्डवरच्या थोरांना आपल्या पैशांची गरज उरलेली नाही, तिला आहे.

आणि सुई आणायला जाण्याआधी एक काम. प्लेअरच्या दांड्याच्या टोकाला जो छोटा ठोकळा असतो, त्यात सुई बसवलेली असते. त्या ठोकळ्यावर पुढून किंवा बाजूला अगदी बारीक अक्षरांत कंपनीचं नाव आणि नंबर असतो. बॅटरीच्या उजेडात तो वाच, मोबाइलवर फोटो काढ, कागदावरही उतरवून घे. नुसतं 'जुन्या प्लेअरची सुई द्या' म्हटलंस तर दुकानदार हातात येईल ती देतो. नंबर वाचता आला नाही तर फोटो मला पाठव, मी बघते.

तुझी
काकू